पहाटेची खटखट

हैदराबादची थंडी ही काही हिमालयाची थंडी नव्हे. नाताळापासून संक्रांतीपर्यंत पहाटेचा पारा बारा-तेरा अंशांपर्यंत उतरतो, एखाद्या वर्षी दहाच्याही खाली जातो. दुपारी मात्र ऊन पुन्हा अंगाला चटके देऊ लागते. माणसाला ही थंडी सुखाची वाटते. जुन्या मोटारीला ती सुखाची वाटतेच असे नाही. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुरा ह्या भागांतील गल्ल्यांत पहाटे सहाच्या सुमारास कान देऊन उभे राहावे, म्हणजे कोणती गाडी कोणत्या दुखण्याने कण्हते आहे, हे ऐकू येते.

आणि ह्या शहरातील मोटारी कारखान्यातून निघाल्या तशाच क्वचित राहतात. मोटारीच्या मूळ रूपात आपली भर घालण्याची हौस हैदराबादला जुनी आहे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठी मागविलेली १९१२ ची पिवळी रोल्स-रॉईस, जिच्यात सिंहासनासारखे उंच आसन बसविलेले आहे, ती चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. बहादुरपुऱ्याच्या सुधा कार म्युझियममध्ये तर के. सुधाकर यांनी बुटाच्या, बॅटच्या, चेंडूच्या, कॅमेऱ्याच्या आकाराच्या मोटारी घडवून ठेवल्या आहेत, आणि त्या चालतातही. सामान्य गृहस्थाची हौस एवढी थोर नसते. तो बिचारा इंधनाचा खर्च वाचावा म्हणून गाडीला गॅसची टाकी बसवून घेतो, चढावर जोर यावा म्हणून एंजिनाचे हेड घासून घेतो, आणि जुना सायलेन्सर कुजला म्हणून जोडकाम करणाऱ्याकडून नवे नळे वाकवून बसवितो. ह्या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कारागिरांनी केलेल्या असतात. एकाने काय केले, हे दुसऱ्याला ठाऊक नसते. दुखण्याचे मूळ पुष्कळदा इथेच असते.

अशाच एका घराचे उदाहरण घ्यावे. काचीगुड्यातील एक निवृत्त गृहस्थ. गल्लीत सारे त्यांना नाना म्हणतात. त्यांची गाडी अँबॅसडर. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी १९५८ पासून २०१४ पर्यंत बाहेर पडत राहिली, आणि तिचे कूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचे. नानांच्या गाडीत जुने १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन आहे. एंजिन एकदा बोअर करून झाले आहे, हेड घासलेले आहे, वर सीएनजीचे किट आहे आणि खाली घडवून घेतलेले नळे. नाताळाच्या सुटीत मुलीला व दोन वर्षांच्या नातवाला घेऊन नांदेडला जायचे ठरले आहे, आणि नेमकी आठ दिवस आधी पहाटे गाडी खटखटू लागली. दुपारी मात्र आवाज नाही.

शेजाऱ्यांनी फाटकातूनच निकाल दिला, "नाना, बेअरिंग गेलं तुमचं. एंजिन खोलावं लागणार." भाच्याचे मत निराळे पडले. "मामा, हा सगळा इथेनॉलचा प्रताप," असे तो म्हणाला. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेल्यापासून गाडीच्या प्रत्येक आजाराचे खापर त्याच्यावर फोडण्याची पद्धत पडली आहे. जुन्या गाडीतील रबरी नळ्यांना व कार्बोरेटरमधील काही भागांना हे मिश्रण मानवत नाही, हे खरे; परंतु इथेनॉलने पेट्रोलचा ऑक्टेन अंक वाढतो, म्हणजे ठोक्याला तर आळाच बसतो. भाच्याचा तर्क निदान ह्या बाबतीत उलटा होता.

ठोका म्हणजे नेमके काय? पेट्रोल एंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण पिस्टन दाबून धरतो, प्लगची ठिणगी पडते, आणि ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते. वाळलेल्या गवताला एका बाजूने काडी लावावी आणि आग ओळीने पुढे जावी, तसे हे ज्वलन असते. ते सारे सेकंदाच्या दोन-तीन सहस्रांशांत आटोपते. परंतु ज्योत पोहोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण दाबाने व उष्णतेने इतके तापते की, ज्योतीची वाट न पाहता ते एकाएकी पेटते. गवताच्या त्या टोकाला जणू कोणी दारूगोळाच ठेवला होता! त्या क्षणी सिलिंडरमधील वायूच कापू लागतो, सेकंदास सहा-आठ हजार वेळा, आणि बाहेर ऐकू येतो तो धातूवर बारीक खडे उडावेत असा टणटणाट. हाच खरा ठोका. तो सैल झालेल्या लोखंडाचा आवाज नव्हे. त्याच्याकडे दुर्लक्ष केले तर मात्र पिस्टनचा माथा खरवडला जातो, रिंगा मोडतात, हेडचे गॅस्केट जळते.

ह्या आवाजाचे निदान करताना थोरामोठ्यांनीही ठोकर खाल्ली आहे. अमेरिकेत १९१२ साली कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर व बॅटरीवरची ठिणगी आली. पुढे एंजिने खटखटू लागली तेव्हा दोष त्या नव्या विजेच्या यंत्रणेवर ढकलला गेला. दोष इंधनाचा आहे, हे पटवून देण्यात केटरिंग आणि त्याचा सहकारी थॉमस मिजली यांची पुढची वर्षे गेली. इंग्लंडात हॅरी रिकार्डो हाही पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे ह्याच प्रश्नामागे लागलेला होता. मिजलीने कितीतरी रसायने पेट्रोलमध्ये घालून पाहिली, आणि ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड ह्या शिशाच्या संयुगाचे थोडेसे थेंब पडताच ठोका एकदम बंद झाला.

एंजिन गप्प झाले. पण त्याची किंमत कोणी दिली? १९२३ साली शिसेयुक्त पेट्रोल विक्रीस आले. १९२४ मध्ये न्यू जर्सीच्या कारखान्यात ते संयुग बनविणारे पाच कामगार विषबाधेने, भ्रमिष्ट होऊन मरण पावले. खुद्द मिजलीला शिसे बाधले होते. तरीही त्याच वर्षी त्याने वार्ताहरांसमोर ते द्रव्य हातांवर चोळून आणि हुंगून दाखविले. त्यानंतर पाऊणशे वर्षे जगातल्या शहरांनी, आणि त्यांत हैदराबादही आलेच, शिशाचा धूर श्वासाबरोबर घेतला. भारतात हे पेट्रोल २००० साली बंद झाले. जगात शेवटचा पंप बंद होण्यास २०२१ साल उजाडले. तो देश अल्जीरिया. एक आवाज दाबण्यासाठी जो उपाय केला, तो आवाजाहून भयंकर ठरला. घाईने केलेल्या उपायांच्या इतिहासात ह्याच्या तोडीचे उदाहरण शोधूनही लवकर सापडणार नाही.

असो. नानांनी गाडी नेली ती एका वृद्ध मिस्त्र्याकडे. हैदराबादेत अशा माणसाला उस्ताद म्हणतात, आणि ती पदवी कोणत्याही विद्यापीठाची नसली तरी फुकटही मिळत नाही. नानांनी शेजाऱ्यांचा निकाल सांगितला. उस्तादांनी पाना हातातही घेतला नाही. "साब, पैले सुनते, बाद में खोलते," एवढेच ते म्हणाले, आणि गाडी रात्रभर तिथेच ठेवून घेतली; कारण पहाटेचे दुखणे दुपारी तपासून काय हाती लागणार? नानांना त्यांनी फक्त प्रश्न विचारले. आवाज उभ्या गाडीत येतो की चढावर? एक्सलेटर दाबला की, सोडला की? किती वेळाने थांबतो? आणि पहाटे गाडी गॅसवर चालते की पेट्रोलवर?

शेवटच्या प्रश्नाला नाना अडखळले. मग आठवून म्हणाले, "थंडीत पेट्रोलवरच, उस्ताद. गॅसवर टाकली की बंद पडते. बंजारा हिल्सचा चढ चढून गेलो, की मग गॅसवर घेतो." उन्हाळ्यात? उन्हाळ्यात फाटकाबाहेर पडतानाच गॅस.

ह्यात नवल काही नाही. सीएनजी टाकीत सुमारे दोनशे वातावरणांच्या दाबाने कोंडलेला असतो. तो दाब रेड्युसरमध्ये उतरतो तेव्हा वायू अतिशय थंड होतो, आणि रेड्युसर गोठू नये म्हणून त्याभोवती एंजिनाचे गरम पाणी फिरविलेले असते. पाणीच थंड असेल तर गॅस नीट मिळत नाही. म्हणून थंडीत पहिली दहा-पंधरा मिनिटे पेट्रोल. आता दुसरी बाब पाहावी. सीएनजीचा ऑक्टेन अंक एकशेवीसच्याही वर असतो, आणि त्याची ज्योत पेट्रोलपेक्षा सावकाश सरकते. त्यामुळे किट बसविणारा कारागीर डिस्ट्रिब्यूटर फिरवून ठिणगी काही अंशांनी आधी पाडतो. गॅसला ते मानवते. पेट्रोलला मानवत नाही. त्यात नानांच्या गाडीचे हेड घासलेले. मुळात सातास एक ह्या सुमाराचे असलेले दाबाचे प्रमाण त्यामुळे वर चढलेले. किटवाल्याला हेडची वार्ता नव्हती. हेड घासणाऱ्याला किट पुढे येणार हे ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा थंडीत ठोका येत होता तो थंडीमुळे नव्हे, तर थंडीत गाडी पेट्रोलवर चालत होती म्हणून. हे केवळ अनुमान राहू नये यासाठी उस्तादांनी सोपी परीक्षा केली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, एंजिन तापलेले असताना, गाडी मुद्दाम पेट्रोलवर घालून तोच चढ चढविला. टणटणाट पहाटेपेक्षा अधिक झाला. वस्तुतः तसेच व्हायला हवे. आत येणारी हवा जितकी थंड, तितके कोपऱ्यातील मिश्रण कमी तापणार आणि ठोका कमी होणार. पेट्रोलच्या गाडीत थंडी ही ठोक्याची वैरीण आहे, मैत्रीण नव्हे. डिझेलचे मात्र उलट. तिथे थंडीत इंधन पेटायला उशीर लागतो, तोवर साठलेले सारे डिझेल एकदम पेटते आणि पहाटेचा खडखडाट त्यामुळेच होतो. जुन्या अँबॅसडरमध्ये पेट्रोलचे एंजिन काढून डिझेलचे बसविण्याची प्रथा एके काळी फार होती; तशा गाडीच्या मालकाने नानांचा उपाय करू नये.

डिस्ट्रिब्यूटर थोडा मागे फिरविला. चढावरचा टणटणाट गेला. गॅसवर गाडी किंचित मंद झाली, ती तडजोड नानांनी मान्य केली. इथे सामान्य कारागिराने पैसे घेऊन गाडी परत दिली असती.

परंतु नानांच्या उत्तरांतील एक गोष्ट उस्तादांच्या मनातून जात नव्हती. उभ्या गाडीतही, फाटकाशी, आवाज येतो असे ते म्हणाले होते. खरा ठोका एंजिनावर भार पडल्यावाचून सहसा येत नाही. जागेवर उभ्या एंजिनाची टिकटिक ही दुसऱ्याच कशाची तरी असली पाहिजे. म्हणजे आवाज दोन होते, आणि नाना त्यांना एकच नाव देत होते.

तिसऱ्या पहाटे उस्तादांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाशी धरली आणि टोक एंजिनाच्या अंगावर ठिकठिकाणी टेकविले. वैद्याच्या नळीचे काम हे हत्यार चोख करते. बेअरिंग गेले असते तर आवाज खालून, जड आणि घुमणारा आला असता, आणि ऑईल तापून पातळ झाल्यावर तो वाढला असता. इथे तापल्यावर आवाज नाहीसा होत होता. टॅपेटचा म्हणावा तर फटीत फीलर गेज सरकविताच तो थांबावयास हवा होता, थांबला नाही. उरला पिस्टनच्या थापेचा संशय. हा संशय बळकट होता. ॲल्युमिनियमचा पिस्टन उष्णतेने बिडाच्या सिलिंडरपेक्षा सुमारे दुपटीने फुगतो, त्यामुळे थंड असताना तो सिलिंडरात सैल असतो आणि भिंतीवर थापा मारतो, तापला की गप्प बसतो. आणि हे एंजिन तर बोअर केलेले होते. अशी थाप वर्षानुवर्षे चालते, तिच्यापायी एंजिन खोलण्याचे कारण नसते. पुष्कळ मिस्त्री इथेच थांबतात आणि "चलता है" म्हणून मोकळे होतात. उस्तादांनी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडे थोडे ऑईल सोडले. थाप असती तर ऑईलने ती काही वेळ मंदावली असती. गाडी पुन्हा चालू केली. टिकटिक होती तशीच होती.

मग त्यांनी पोऱ्याला सायलेन्सरच्या तोंडाशी जाड ओला फडका क्षणभर धरावयास सांगितले. टिकटिक एकदम वाढली. बॅटरीचा उजेड पाडून पाहिले, तो घडवून घेतलेले नळे हेडला जिथे जोडले होते, तिथे काळी काजळी पसरलेली. जोड थंडीत आकसून उघडा पडत होता, धूर त्यातून फुटत होता; लोखंड तापून फुगले की फट मिटत होती आणि आवाज थांबत होता. फट अगदी पूर्ण मिटत असेल, ह्याची शाश्वती कोण देणार?

एवढ्यावर भागले नाही. गॅसचे किट बसविताना नळी व तारा नेण्यासाठी एंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याला भोके पाडलेली होती. एका भोकाला रबर होते, दोहोंना नव्हते. फुटलेला जोड त्या भोकांपासून फार लांब नव्हता. थंडीत मोटारीच्या काचा लोक वर चढवून घेतात, आणि मूल बरोबर असेल तर हटकून घेतात. एंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साईड वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील जो रक्तिमा प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, मग पेंग येते. गाडीत पेंगणाऱ्या लहान मुलाकडे पाहून प्रवासाचा शीण म्हणण्यापलीकडे कोणाच्या मनात काय येणार?

नानांनी विचारले, "उस्ताद, त्याच दिवशी एंजिन खोलून बेअरिंग बदललं असतं तर?" उस्ताद म्हणाले की, बेअरिंग नवे झाले असते आणि आवाज तसाच राहिला असता, मग लोकांनी पिस्टनला दोष दिला असता. नानांची मुलगी हे ऐकत होती. तिने गेल्या आठवड्यातली गोष्ट काढली. गाडी गरम व्हावी म्हणून नाना रोज सकाळी पत्र्याच्या बंद शेडमध्ये ती दहा मिनिटे चालू ठेवीत, आणि नातू आजोबांजवळ आत जाऊन बसत असे. नाना त्यावर काही बोलले नाहीत. मोटार गरम करण्यासाठी उभी ठेवण्याची मुळात गरजच नसते. ऑईल वर चढण्यास अर्धे मिनिट पुरते, पुढचे काही अंतर हळू चालविले की झाले. पण ही सवय बहुतेक जुन्या मोटारवाल्यांच्या हाडीमासी खिळलेली असते. दार उघडे असूनही शेडमध्ये वायू साचतो. ज्याला एंजिनाची तपासणी करायची असेल, त्यानेही गाडी आधी उघड्यावर ढकलून आणावी, मग चावी फिरवावी.

जोडाचे तोंड फाईलने सपाट करून नवे गॅस्केट घातले, नट टप्प्याटप्प्याने आवळले, आणि दोन-तीनदा गाडी तापवून निववून पुन्हा आवळले. पत्र्याच्या भोकांना रबरी बूच बसले. ह्या साऱ्याला एंजिन खोलण्याच्या खर्चाच्या मानाने फारच थोडे पैसे लागले. निघताना उस्तादांनी एका जुन्या वहीच्या पानावर हेड घासल्याचे, ठिणगी मागे घेतल्याचे आणि नळ्यांच्या जोडाचे टिपण करून ते नानांना दिले, पुढच्या मिस्त्र्याला दाखविण्यासाठी. टिपण उर्दूत होते. नानांनी शेजारी बसून त्याचे मराठी करून घेतले, आणि दोन्ही कागद गाडीच्या कप्प्यात आरसीबरोबर ठेवले.

नांदेडला निघण्याच्या दिवशी पहाटे गाडी शेडबाहेर ढकलली गेली. शेजारी फाटकाशी उभेच होते. गाडी चालू झाली, तेव्हा त्यांनी कान देऊन पाहिले आणि म्हणाले, "नाना, बेअरिंग बदललंत वाटतं!" नानांनी मागच्या दोन्ही काचा चार बोटे खाली केल्या, मुलीने नातवाला कानटोपी घातली, आणि गाडी पेट्रोलवरच गल्लीबाहेर पडली.